अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी घडविलेली पिके व कोंढ्याच्या शेतकऱ्याचे बियाणे

पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या मुलखात वसलेले आहे. धान हे या भागाचे मुख्य पीक होय. धानाच्या जोडीला धुऱ्यावर तूर, आणि धान निघाल्यावर लाखोरी, हरभरा, जवस ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात आली आहेत. यांखेरीज बागायती तुकड्यात किंवा घरामागील सांदवाडीत मिरची, भेदरे म्हणजे टोमॅटो, लाल कोहळे, मका, भुईमूग, रताळे, आणि कडेला जांब म्हणजे पेरूचे, पपईचे अथवा सीताफळाचे एखादे झाड, असा बहुतेक घरांचा परिपाठ असतो.

यांतील देशी पिके कोणती व परदेशी कोणती, असा प्रश्न गावच्या सभेत विचारला तर बहुतेक जण सर्वांनाच देशी म्हणतील. परंतु सांदवाडीची वर दिलेली सर्व यादी मूळची अमेरिका खंडातील आहे. पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. ज्या लोकांनी ते स्तूप उभारले त्यांच्या जेवणात भात होता, परंतु मिरची नव्हती. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सिद्ध झाली, त्या काळच्या महाराष्ट्रातही भाजीला तिखटपणा यावयाचा तो मिऱ्याने, आल्याने अथवा पिंपळीने. मिरची या देशात आली ती त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर.

ही पिके कोणी निर्माण केली, ती येथे कशी आली, आणि त्यांच्या इतिहासापासून आजच्या शेतकऱ्याने कोणता बोध घ्यावा, याचा विचार या पाठात केलेला आहे.

उपवासाचे ताट

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना हा विषय गावात मांडावयाचा असेल तर एकादशीच्या ताटापासून प्रारंभ करणे सोयीचे जाईल. उपवासाला जुने, सात्त्विक व शुद्ध अन्न खावे अशी समजूत आहे. आता त्या ताटातील पदार्थ एकेक करून पाहावे. साबुदाणा आपल्या देशात कसाव्याच्या कंदापासून तयार होतो व तो मुख्यतः तामिळनाडूतील सेलम भागातून येतो. कसावा हा दक्षिण अमेरिकेतील कंद होय. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे. बटाटा अँडीज पर्वतातील. रताळे मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातील. हिरवी मिरची मेक्सिकोची. राजगिराही तिकडचाच, मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात घोळून वड्या करतात, त्या आपल्या राजगिऱ्याच्या लाडवाच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात. या ताटात भगर तेवढी जुनी राहते.

परकी पिके सोवळ्यात घेतली गेली, यात खेद मानण्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या हाताला जे बी मानवले ते त्याने आपले केले. देवाणघेवाणही एकतर्फी नव्हती. तूर, वांगे, तीळ व मूग ही भारतातील शेतकऱ्यांनी माणसाळविलेली पिके जगात दूरवर गेलेली आहेत.

ही पिके कोणी घडविली?

कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बेटांना पोचला. त्यापूर्वी हजारो वर्षे त्या खंडात शेती चालू होती. तेथील शेतकऱ्यांजवळ लोखंडी फाळ नव्हता, नांगर ओढणारा बैल नव्हता. टोकदार काठी, कुदळ, आणि डोळस निवड एवढ्या साधनांवर त्यांनी जगाला शेकडो पिके दिली. त्यांपैकी तीन पिकांची हकीकत शेतकऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहे.

मका. मक्याचा पूर्वज तेओसिंते नावाचे एक रानगवत आहे. ते मेक्सिकोत आजही उगवते. त्याच्या कणसात पाच ते बारा दाणे असतात व प्रत्येक दाणा दगडासारख्या टणक कवचात बंद असतो. दाणे पिकताच ते गळून पडतात. दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी लोकांनी हे गवत लावण्यास आरंभ केला. ज्या ताटाचे दाणे गळत नाहीत, ज्याचे कवच मऊ आहे, ज्याला दाणे अधिक आहेत, त्याचे बी पुढील वर्षासाठी ठेवावयाचे, हा क्रम शेकडो पिढ्या चालला. त्यातून आजचे शेकडो दाण्यांचे कणीस तयार झाले. हे कणीस जमिनीवर पडले तर त्याचे दाणे सुटून नीट उगवू शकत नाहीत. मका हे पूर्णपणे माणसाच्या आधाराने जगणारे पीक होय.

मिरची. रानमिरचीचे फळ वाटाण्याएवढे, आभाळाकडे तोंड करून उभे असलेले आणि पिकताच देठापासून सुटणारे असते. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. ते फळ गिळतात व बी दूरवर टाकतात. सस्तन प्राण्यांना मात्र ती झोंबते. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी मोठ्या फळांची, देठाला घट्ट धरून राहणारी व पानांच्या आड खाली लोंबणारी झाडे निवडली. फळ पानाआड गेल्याने पक्ष्यांपासून वाचले व देठाला टिकल्याने तोडणी माणसाच्या सवडीने होऊ लागली. ही निवड सुमारे सहा हजार वर्षांपासून चालत आलेली आहे. मिरचीचा देठ फळाला का धरून बसतो, याचे उत्तर त्या अनाम शेतकऱ्यांच्या निवडीत आहे. पवनी-भिवापूर भागातील मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या मजूर स्त्रिया एका परीने त्यांचेच उरलेले काम पुरे करीत असतात.

भुईमूग. दोन निरनिराळ्या रानटी जातींचा संकर होऊन दक्षिण बोलिव्हिया व वायव्य अर्जेंटिना या भागात भुईमूग उत्पन्न झाला. फूल जमिनीवर, आऱ्या जमिनीत व शेंग मातीखाली, अशी त्याची विलक्षण रीत आहे. पेरूच्या किनारी प्रदेशातील प्राचीन वस्त्यांत व थडग्यांत भुईमुगाच्या शेंगा सापडलेल्या आहेत. रानटी भुईमुगाचे महत्त्व आजही संपलेले नाही. बोलिव्हियातील एका रानटी जातीपासून मिळालेली टिक्का व तांबेरा या रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती आधुनिक वाणांत उतरविण्यात आलेली आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या शेतातील पीक अजूनही त्या दूरच्या रानावर अवलंबून आहे.

पिके आपल्याकडे कशी आली?

कोलंबस निघाला होता हिंदुस्थान व मिरे शोधण्यासाठी. त्याला हिंदुस्थान सापडला नाही आणि मिरेही सापडले नाहीत. तिखट फळ मात्र सापडले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला व १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. पोर्तुगीजांचे जहाजी दळणवळण ब्राझील, आफ्रिका व गोवा असे जोडले गेले आणि त्या वाटेने अमेरिकेतील पिके भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तेथून ती व्यापाऱ्यांच्या, फौजांच्या, यात्रेकरूंच्या व लेकीसुनांच्या गाठोड्यांतून घाटावर आणि पुढे वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत पोचली.

या प्रवासाच्या खुणा भाषेत शिल्लक आहेत. मिऱ्याची जागा घेणारी म्हणून ‘मिरची’. मुगासारखा दाणा, पण भुईत, म्हणून ‘भुईमूग’. ही दोन नावे मराठी शेतकऱ्याने स्वतः दिली. बटाटा, काजू, अननस, पपई ही नावे मात्र पोर्तुगीजांच्या तोंडून आली. त्यांनी ती अमेरिकेतील मूळ लोकांकडून उचलली होती. टोमॅटो हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील आहे. ज्या लोकांनी ही पिके घडविली त्यांपैकी फार मोठी संख्या १४९२ नंतरच्या काळात युरोपातून आलेल्या देवीसारख्या साथींनी, युद्धांनी व गुलामगिरीने नष्ट झाली. त्यांचे शब्द मात्र आज कोंढ्याच्या बाजारात भाव पुकारताना ऐकू येतात.

बी आले, विद्या मागे राहिली

बियाणे गाठोड्यात बांधून नेता येते. ते घडविणाऱ्यांचे ज्ञान तसे नेता येत नाही. याचे ठळक उदाहरण मक्याचे आहे. मेक्सिकोतील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग वाटतात. या कृतीमुळे मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपियनांनी मका नेला, चुन्याची रीत नेली नाही. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या इटलीतील व पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. त्वचेला चट्टे, हगवण व बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे. विसाव्या शतकात कारण उमगेपर्यंत असंख्य माणसे त्याने दगावली. मेक्सिकोच्या खेड्यात मात्र मका खाऊन हा रोग सहसा होत नसे.

दुसरे उदाहरण मिश्र पिकाचे. मका, घेवडा व भोपळा ही तीन पिके तेथे एकाच शेतात घेतात. घेवड्याचा वेल मक्यावर चढतो व त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीला देतात. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल राखतात व तण दाबतात. धानाच्या धुऱ्यावर तूर लावणाऱ्या शेतकऱ्याला यातील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाही. दोन खंडांतील शेतकरी एकमेकांस न भेटता एकाच निष्कर्षाला आले, एवढेच येथे लक्षात घ्यावे.

एकाच वाणाचा घात

अँडीज पर्वतातील शेतकरी एकाच शेतात बटाट्याचे अनेक प्रकार लावतात. कोणता थंडीला टिकतो, कोणता रोगाला, कोणता साठवणीला. त्या पर्वतात बटाट्याचे हजारो स्थानिक प्रकार आहेत. युरोपात त्यांतील थोडेच गेले. आयर्लंडमधील गरीब शेतकरी तर बहुतांशी एकाच प्रकारच्या बटाट्यावर जगत होते. तेथे १८४५ मध्ये करपा रोग शिरला. पीक वर्षानुवर्षे जमिनीतच कुजले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले व तितक्याच लोकांनी देश सोडला. रोग निमित्त झाला. सरकारी अनास्था व जमीनदारी पद्धतीने संकट वाढविले. परंतु एकाच वाणावर सर्व भार टाकल्यामुळे रोगाला अडविणारे शेतात काहीच उरले नव्हते. पुढे करप्याला दाद न देणारे गुण शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना मेक्सिकोतील रानटी बटाट्यांकडेच जावे लागले.

असाच प्रकार १९७० मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मक्याच्या बाबतीत घडला. तेथील बहुतेक संकरित मक्याच्या बियाण्यात मातृपक्षाकडून आलेला एकच गुण समान होता. पानावरील करप्याची एक नवी जात नेमकी त्याच गुणावर घाला घालणारी निघाली व एका हंगामात देशाच्या मक्याच्या पिकाचा सुमारे सातवा हिस्सा बुडाला. सुधारलेले बी वाईट नव्हते. सर्वत्र एकच बी असणे वाईट होते.

कोंढ्यापुढील प्रश्न

आता हा प्रश्न आपल्या शिवारात आणून पाहावा. कोंढ्यापासून जवळच, नागपूर जिल्ह्यात, भिवापूर आहे. तेथील मिरची लाल रंगासाठी नावाजलेली आहे व तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळालेली आहे. मेक्सिकोची मिरची या मातीत चारशे-पाचशे वर्षे निवडली गेल्यावर तिला या मातीचे नाव मिळाले, हा येथील शेतकऱ्यांच्या कौशल्याचा पुरावा होय. तरीही या स्थानिक मिरचीखालील क्षेत्र घटत गेले आणि संकरित वाणांचे वाढले. संकरित बियाण्याने उत्पन्न अधिक येते, बाजारात फळ एकसारखे दिसते, ही कारणे खरी आहेत. ज्या शेतकऱ्याला मिरचीवर कर्ज फेडावयाचे आहे त्याला संकरित बी लावू नको असे सांगणे योग्य नाही व तसे या पाठाचे म्हणणेही नाही.

प्रश्न निराळा आहे. साध्या घरगुती साठवणीत मिरचीचे बी दोन-तीन वर्षेच चांगली उगवणशक्ती राखते. ज्या घराने तीन वर्षे ओळीने विकतचेच बी लावले, त्या घरचे जुने बी मडक्यात असले तरी मेल्यासारखेच असते. गावातील सर्व घरांनी तसे केले तर शेकडो वर्षांची निवड तीन पावसाळ्यांत संपते. ती पुन्हा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. असे बी बहुधा घरातील वृद्ध स्त्रियांनी राखेत किंवा भोपळ्याच्या तुंब्यात राखलेले असते. त्यांच्यामागे ते कोण राखणार, हा आज खरा प्रश्न आहे.

उपाय खर्चाचा नाही. मोठ्या शेतात पाहिजे ते वाण लावावे. सांदवाडीत निदान एक वाफा घरच्या बियाण्याचा ठेवावा.

मिरचीचे बी घरी राखण्याची रीत

१. निवड फळाची करू नये, झाडाची करावी. ढिगातून मोठी मिरची उचलणे म्हणजे निवड नव्हे. झाड निरोगी, भरपूर धरलेले व आपल्या वाणाच्या ठरावीक वळणाचे असावे. तोडणीपूर्वीच त्यास रंगीत दोरा बांधावा.

२. एक-दोन झाडांच्या बियांवर भागवू नये. शक्य असल्यास तीस-चाळीस झाडांचे बी एकत्र करावे. म्हणजे वाणातील विविधता टिकते.

३. मिरचीत मधमाश्यांमुळे परपरागीकरण बरेच होते. प्रमाणित बीजोत्पादनासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर राखतात. सांदवाडीत एवढे अंतर मिळत नसल्यास निवडलेल्या झाडांवर फुले येण्यापूर्वीच बारीक जाळी घालावी. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते.

४. चुरडा-मुरडा झालेली झाडे बियाण्यास घेऊ नयेत. डाग पडलेली व सडकी फळेही वगळावी, कारण फळसडीचा रोग बियांमधून पुढील वर्षी येतो.

५. दुसऱ्या व तिसऱ्या तोड्याची, झाडावरच पूर्ण लाल झालेली फळे घ्यावी. ती आधी सावलीत व मग कोवळ्या उन्हात वाळवावी. बी काढताना हाताला तेल लावावे व डोळ्यांना हात लावू नये.

६. बी वाकविल्यास न वाकता तुटले तर ते पुरेसे वाळले असे समजावे. मग घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी कोरडी राख घालून, बी कागदी पुडीत बांधून ठेवावे. पुडीवर वाणाचे नाव व साल लिहावे.

७. पेरणीपूर्वी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन आठवडे ओलसर ठेवाव्या. साठ किंवा अधिक उगवल्या तर बी चांगले. कमी उगवल्यास बी दाट टाकावे व त्याच वर्षी नवे बी अवश्य धरावे.

८. रोपवाटिकेत टाकण्यापूर्वी बियांस ट्रायकोडर्मा किलोस ५ ग्रॅम या प्रमाणात चोळावे.

भुईमूग व टोमॅटो यांत परपरागीकरण फार कमी होत असल्याने त्यांचे बी राखणे याहून सोपे आहे. मक्याचे पराग वाऱ्याने उडतात. म्हणून एकट्या दुकट्या घराने बी न राखता शेजारी मिळून एकच वाण लावल्यास ते शुद्ध राहते.

दोन खुलासे

पहिला खुलासा संकरित बियाण्यासंबंधी. संकरित पिकाचे बी धरून पेरल्यास पुढील पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत; काही आईच्या वळणाची, काही बापाच्या, काही तिसऱ्याच. त्यामुळे उत्पन्न घटते. घरचे बी धरावयाचे ते सरळ वाणाचेच धरावे.

दुसरा खुलासा कायद्यासंबंधी. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकण्यास मात्र मनाई आहे. शेतकऱ्यांना किंवा गावाला आपल्या पारंपरिक वाणाची नोंदणीही या कायद्याखाली करता येते. यासाठी साकोली येथील कृषि विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी.

समारोप

तेओसिंतेच्या पाच दाण्यांपासून मक्याचे कणीस काढणाऱ्या माणसांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांनी दरवर्षी एकच काम केले: चांगले झाड पाहिले, त्याचे बी खाल्ले नाही, पुढच्यासाठी ठेवले. कोंढ्यातील ज्या आजीने राखेच्या मडक्यात मिरचीचे बी राखले तिने तेच काम केलेले आहे. मेक्सिकोच्या डोंगरापासून कोंढ्याच्या सांदवाडीपर्यंत ही साखळी एकदाही तुटलेली नाही. तुटली असती तर ते बी आज तिच्या हाती नसते. ती आता आपल्या हातून तुटू नये.

गावसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात कोणत्या घरी मिरची, टोमॅटो, लाल कोहळे व मका यांचे घरचे बी अद्याप आहे? ते किती वर्षांचे आहे?

२. ते राखणाऱ्या वृद्ध व्यक्ती त्या वाणाचे कोणते गुण सांगतात? ते लिहून घेतले आहेत काय?

३. यंदा निदान पाच घरे प्रत्येकी एक वाफा घरच्या बियाण्याचा लावतील काय? आणि पुढील वर्षी ते बी आणखी पाच घरांना देतील काय?